लिपिशाला, शिलालेख आणि संगणकाचे वर्णसंकेत

'ललितविस्तर' या ग्रंथाच्या दहाव्या परिवर्तात बोधिसत्त्व सिद्धार्थाच्या लिपिशाला-प्रवेशाची कथा आली आहे. चंदनाची पाटी हाती घेतलेला बालक आचार्य विश्वामित्रालाच प्रश्न करतो की, आपण मला कोणती लिपी शिकविणार? आणि तो स्वतःच चौसष्ट लिपींची नावे उच्चारतो. त्यांत पहिली ब्राह्मी आणि दुसरी खरोष्ठी. पुढे अंग, वंग, मगध अशी देशवाचक नावे येतात, आणि त्यानंतर देवांच्या व नागांच्या लिपींचीही नावे येतात, ज्यांचा शोध घेण्याच्या भरीस पडू नये. परंतु कथेचा यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. लिपिशाळेतील मुले जेव्हा पठणास आरंभ करतात, तेव्हा चौसष्ट लिपींचे पठण होत नाही. एकाच वर्णमालेचे होते, आणि प्रत्येक वर्णाबरोबर धर्माचे एकेक वचन प्रकट होते. लिपी पुष्कळ, वर्णक्रम मात्र एक, ही भारतीय कल्पना त्या कथेत गृहीत धरलेली आहे.

आजच्या विद्यार्थ्याची लिपिशाळा बहुतांशी संगणकाच्या पडद्यावर भरते. सिंहली, बर्मी, थाई वा ब्राह्मी लिपी शिकू इच्छिणारा उपासक प्रथम एखादे सॉफ्टवेअर उघडतो. त्या सॉफ्टवेअरच्या मुळाशी वर्णसंकेतांची एक व्यवस्था असते. ही व्यवस्था कशी घडली आणि प्राचीन लिपींच्या अध्ययनास ती कोठपर्यंत साहाय्य करते व कोठे थांबते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय तांत्रिक वाटला तरी त्याचा संबंध आपल्या लेण्यांतील लेख यापुढे कोण वाचणार या प्रश्नाशी आहे.

पालि भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. ती ज्या देशी गेली त्या देशाच्या लिपीत लिहिली गेली. म्हणून श्रीलंकेत तिपिटक सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात बर्मीत आणि कंबोडियात ख्मेर लिपीत आढळते. सयामचे राजे चुलालंकरण यांनी १८९३ मध्ये ३९ खंडांत तिपिटक छापविले ते थाई लिपीत, आणि १८८१ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीने रोमन लिपीचा अंगीकार केला. त्या काळी भारतातील पालि अभ्यासकाला आपल्या देशातील ग्रंथ आपल्या लिपीत मिळत नसे. आचार्य धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये सिंहलद्वीपास गेले आणि विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगलांपाशी त्यांनी अध्ययन केले. तेथे पालि शिकणे म्हणजे प्रथम सिंहली लिपी शिकणे होते. पुढे ब्रह्मदेशात बर्मी लिपी आली. हे कष्ट वाया गेले नाहीत. 'विसुद्धिमग्गा'च्या ज्या संपादनामुळे त्यांचे नाव जगभरच्या पालि अभ्यासकांत झाले, त्याचा आधार सिंहली आणि बर्मी हस्तलिखितेच होती. त्या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली, आणि हार्वर्डची रोमन आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९५० मध्ये निघाली. तत्पूर्वी १९२४ मध्ये पुण्याहून प्रा. पु. वि. बापट यांनी देवनागरीत 'सुत्तनिपात' प्रसिद्ध केला होता. संपूर्ण तिपिटक देवनागरीत येण्यास मात्र भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखालील नालंदा आवृत्तीची, म्हणजे १९५६ नंतरच्या काळाची वाट पाहावी लागली.

या लिप्यंतरांत मराठी वाचकाचा एक विशेष लाभ होता. पालि भाषेत 'ळ' आहे. कच्चायनाच्या व्याकरणात पालिचे ४१ वर्ण सांगितले आहेत: ८ स्वर आणि ३३ व्यंजने. मोग्गल्लान ऱ्हस्व ए व ओ धरून ही संख्या ४३ करतो. दोघांच्याही व्यंजनांत 'ळ' येतो. हिंदी भाषकास हा वर्ण मुद्दाम शिकावा लागतो. आपण तो पाळण्यातच शिकलेलो असतो.

आता संगणकाकडे वळू. यंत्राला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. प्रत्येक वर्णाला एक क्रमांक द्यावयाचा आणि पडद्यावर त्या क्रमांकाच्या जागी ठरलेली आकृती उमटवावयाची, एवढेच वर्णसंकेताचे तत्त्व. इंग्रजीसाठी १२८ क्रमांकांची सारणी पुरेशी झाली. भारतीय लिपींच्या बाबतीत प्रश्न असा उभा राहिला की क्रमांक कशाला द्यावा? छापखान्यातील खिळ्यांना द्यावा, तर 'क', अर्धा 'क', 'क्ष', 'क्त' अशी शेकडो रूपे होतात, आणि प्रत्येक लिपीत ती निराळी. वर्णाला द्यावा, तर पाऊणशे-शंभर क्रमांकांत सर्व काम भागते आणि जोडाक्षराची आकृती घडविण्याचे काम यंत्रावर सोपविता येते.

१९८० च्या दशकात कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत जे कार्य झाले, त्यात दुसरा मार्ग स्वीकारला गेला. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' या नावाने तो मानक म्हणून प्रसिद्ध केला. त्यातील मूळ कल्पना लिपिशाळेच्या कथेची आठवण करून देणारी आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिपींना एकच सारणी देण्यात आली. 'क' चा क्रमांक देवनागरीत जो तोच बंगालीत, तोच तेलुगूत. लिपी बदलण्याची एक आज्ञा दिली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसे. त्याच विचारातून आलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला आहेत. 'क' च्या कळीवरच 'ख', 'ग' च्या कळीवरच 'घ', 'त' च्या कळीवरच 'थ' अशी अल्पप्राण-महाप्राणांची जोडी बसविलेली आहे. हा कळफलक ज्याने एकदा आत्मसात केला, त्याला वर्ग म्हणजे काय हे व्याकरण न उघडताही कळते. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटविण्याच्या सवयीमुळे त्याचा प्रसार व्हावा तितका झाला नाही, याची खंत वाटते.

त्याच वर्षी, १९९१ मध्ये, युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती आली. भारतीय लिपींसाठी तिने इस्कीची १९८८ ची मांडणी उचलली, परंतु प्रत्येक लिपीला १२८ जागांचा स्वतंत्र गट दिला. लिपी वेगळ्या झाल्या, तरी गटातील स्थान तेच राहिले. देवनागरी 'क' चा क्रमांक २३२५, बंगाली 'क' चा त्यात १२८ मिळवून २४५३, गुजराती 'क' चा आणखी २५६ मिळवून २७०९. केवळ बेरजेने लिप्यंतर व्हावे अशी ही रचना आहे. पालि अभ्यासकाला मात्र येथेच पहिली अडचण भेटते, कारण तिपिटकाच्या परंपरागत लिपी या चौकटीत बसत नाहीत. सिंहली लिपी युनिकोडमध्ये १९९९ साली आली, बर्मी आणि ख्मेरही त्याच सुमारास, आणि सिंहलीने स्वतःचा क्रम आणला. तेथे 'क' ३४८२ वर आहे, बेरजेच्या नियमाने यावयास हवा होता त्याहून पाच घरे पुढे. थाईचा प्रकार आणखी निराळा. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसली तरी संकेतात 'क' आधी आणि वेलांटी नंतर असते. म्हणजे संकेत उच्चाराच्या क्रमाने चालतो. थाई लिपीत 'के' चा स्वर व्यंजनाच्या डावीकडे दिसतो आणि संकेतातही आधीच येतो. तेथे संकेत डोळ्याच्या क्रमाने चालतो. थाई तिपिटकाचा पाठ देवनागरीत आणताना हा क्रम प्रत्येक ठिकाणी उलटावा लागतो.

संकेत ठरले म्हणून ते लगेच प्रचारात आले असे मात्र झाले नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मराठी मुद्रणालयांतून संगणकीय अक्षरजुळणी सर्वत्र झाली, पण ती बहुधा निरनिराळ्या फॉन्टांच्या खासगी संकेतांवर चालत असे. एका फॉन्टात जुळविलेला ग्रंथ दुसऱ्या यंत्रावर उघडला की निरर्थक चिन्हांचा ढीग दिसे. त्या काळात जुळविलेले पुष्कळ बौद्ध साहित्य त्या संकेतांत अडकून पडले. छापील पुस्तक हाती आहे, पण त्याचा संगणकीय पाठ आज वाचता येत नाही. विंडोज २००० या प्रणालीत देवनागरीची युनिकोड व्यवस्था आल्यावर चित्र पालटले. तिच्यासोबत आलेला 'मंगल' हा टंक मुंबईचे सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी यांनी घडविलेला होता.

या संक्रमणकाळात इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने केलेले कार्य पालि अध्ययनाच्या इतिहासात नोंदविले पाहिजे. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे झालेल्या छट्ठ संगायनाचा पाठ त्यांनी देवनागरीत छापला आणि १९९७ मध्ये तबकडीवर उपलब्ध केला. वाचकाने लिपी निवडावयाची आणि तोच पाठ देवनागरीत, रोमनमध्ये, बर्मीत, सिंहलीत वा थाईत पाहावयाचा. कोसंबींनी ज्यासाठी समुद्र ओलांडला ते एका कळीवर आले. हे मोठेच उपकार आहेत. त्याबरोबर एक गोष्ट हळूहळू घडली, तिच्याकडेही दुर्लक्ष करता येत नाही. पाठ आपल्या लिपीत मिळू लागल्यापासून परकी लिपी शिकण्याची निकड उरली नाही. परंतु तालपत्रावरील हस्तलिखिते अद्याप त्या लिपींतच आहेत. ज्याला पाठभेद पाहावयाचा आहे, त्याला आजही कोसंबींच्याच वाटेने जावे लागते, आणि त्या वाटेवर माणसे पूर्वीपेक्षा कमी दिसतात.

ब्राह्मीच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. खरोष्ठीला युनिकोडमध्ये २००५ साली स्थान मिळाले, ब्राह्मीला २०१० साली. मराठी कागदपत्रांची मोडी तर २०१४ साली आली. ब्राह्मी 'क' चा क्रमांक ६९,६५१ आहे. जिच्या पोटी देवनागरी, सिंहली, बर्मी, थाई या सर्व लिपी जन्मल्या, त्या मातेला मुलींनंतर कित्येक वर्षांनी आणि पहिल्या ६५,५३६ क्रमांकांच्या बाहेर घर मिळाले. त्यामुळे पुष्कळ जुन्या प्रणालींत तिच्या जागी कित्येक दिवस रिकामे चौकोनच दिसत असत.

नावाविषयी एक खुलासा येथेच करणे बरे. आपल्याकडील अनेक उपासक या लिपीस 'धम्मलिपी' म्हणतात. अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात हा शब्द वापरला आहे हे खरे. पण तेथे तो कोरलेल्या धम्मलेखासाठी आहे, अक्षरपद्धतीचे विशेषनाम म्हणून नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शाहबाजगढीचा लेख खरोष्ठीत असूनही स्वतःला धम्माचा लेखच म्हणवितो. युनिकोडने ब्राह्मी हे रूढ नाव ठेविले.

युनिकोडची ब्राह्मी एकच आहे. अशोककालीन सरळ, साध्या रेषांची ब्राह्मी, सातवाहन-क्षत्रपकालीन डोक्यावर जाडी घेतलेली नाशिकची ब्राह्मी, आणि त्यानंतरची वळणदार रूपे, या सर्वांतील 'क' ला एकच क्रमांक आहे. काळ आणि प्रदेश दाखविण्याचे काम फॉन्टवर सोपविले आहे. वर्णाला क्रमांक द्यावयाचा, आकृतीला नाही, हे मूळ तत्त्व पाहता हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. परंतु लिपीचा अभ्यासक आकृतीचाच अभ्यास करीत असतो. लेख कोणत्या शतकातला हे 'क' च्या उभ्या रेषेच्या लांबीवरून आणि 'म' च्या बुडाच्या आकारावरून ठरते. जे अभ्यासकाला हवे, नेमके तेच संकेताने बाहेर ठेविले आहे. शिवाय प्रचारातील बहुतेक ब्राह्मी टंक अशोककालीन वळणाचे आहेत. त्यांवर तयार झालेला विद्यार्थी सारनाथच्या स्तंभापुढे उभा राहील. कान्हेरीत मात्र अडखळेल.

संकेताला संशयही कळत नाही. अशोककालीन ब्राह्मीत 'ठ' म्हणजे वर्तुळ आणि 'थ' म्हणजे वर्तुळात बिंदू. संगणकावर हे दोन सर्वस्वी भिन्न क्रमांक आहेत. दोन हजार वर्षे पावसात भिजलेल्या बेसॉल्टवर मात्र तो बिंदू छिन्नीचा आहे की दगडाचा खळगा, हे ठरविण्यासाठी ठसा घ्यावा लागतो, तिरप्या उजेडात पाहावे लागते आणि शेवटी भाषा जाणावी लागते. संशयित अक्षरे कंसात दाखविण्याची रीत पुराभिलेखशास्त्रात पूर्वीपासून आहे, आणि 'एपिडॉक' नामक संगणकीय खुणांच्या पद्धतीत ती व्यवस्थित आणली गेली आहे. विहारांतील वर्गांपर्यंत ती अद्याप फारशी पोहोचलेली दिसत नाही.

तेथे जे पोहोचले आहे ते लिप्यंतर. 'अक्षरमुख' सारख्या प्रणालीत देवनागरी मजकूर घातला की क्षणात ब्राह्मी उमटते. आपले नाव, विहाराचे नाव, विवाहपत्रिकेवरील मजकूर ब्राह्मीत पाहण्याचा आनंद समजण्यासारखा आहे, आणि त्यातून पुष्कळांची लिपीशी पहिली ओळख होते. पण 'धम्म' हा शब्द घालून पाहावा. प्रणाली 'म' खाली 'म' जोडून जोडाक्षर देते. गिरनारच्या वा काल्सीच्या शिलेवर असे जोडाक्षर नाही. तेथे 'धंम' आहे, म्हणजे 'ध' वर अनुस्वाराचा बिंदू आणि पुढे एकटा 'म'. पालि 'पियदस्सि' तेथे 'पियदसि' आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील प्रसिद्ध लेखात वैजयंतीच्या भूतपालाला 'सेठि' म्हटले आहे, 'सेट्ठि' नव्हे, आणि त्याचे शैलगृह जंबुद्वीपात 'उतम' आहे, 'उत्तम' नव्हे. त्या काळचे प्राकृत लेखक द्वित्त उच्चारीत असत, पण सहसा लिहीत नसत. म्हणून यंत्राने दिलेली ब्राह्मी चुकीची नसली तरी ती अशी ब्राह्मी आहे जी त्या लेण्यांत कोणी कधी कोरली नाही. तीच डोळ्यांत बसलेला विद्यार्थी 'सेठिना' वाचतो आणि त्याला शब्दच ओळखू येत नाही.

जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ही लिपी उलगडली ती कोणत्या रीतीने, हे येथे आठवावे. सांचीच्या कठड्यांवरील छोट्या लेखांचे ठसे त्याच्यापुढे होते. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, दुसऱ्यावर एक बिंदू आहे, हे त्याच्या ध्यानात आले. कठड्याच्या खांबावर एवढे लहान वाक्य कोण कोरवील? दान देणारा. म्हणून 'दानं'. त्याच्या आधीचे अक्षर षष्ठीचा 'स'. सामान्य उपासक-उपासिकांच्या दानलेखांनी अशोकाचे लेख उघडले. प्रिन्सेपची रीत आकृतीकडून शब्दाकडे आणि शब्दाकडून वर्णाकडे जाणारी होती. लिप्यंतराची प्रणाली उलट दिशेने, वर्णाकडून आकृतीकडे जाते. गौरीशंकर हीराचंद ओझा यांची 'भारतीय प्राचीन लिपिमाला' १८९४ मध्ये आणि पुष्कळ विस्ताराने १९१८ मध्ये निघाली. तिच्या लिपिपत्रांत प्रत्येक लेखातून वेचलेली अक्षरे आहेत आणि त्याखाली वाचनासाठी मूळ ओळीही आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पत्रांत जी सोय आहे, ती बहुतेक आधुनिक सॉफ्टवेअरमध्ये नाही.

म्हणून वर्गात क्रम पालटावा असे सुचवावेसे वाटते. प्रथम ठशाचे छायाचित्र द्यावे आणि विद्यार्थ्याने एकेक अक्षर ओळखून ब्राह्मीच्याच कळफलकावर टंकित करावे. लिप्यंतराची कळ सर्वांत शेवटी, आपले वाचन तपासण्यासाठी दाबावी. असे केले असता संकेताचे गुणही कामास येतात. 'सि' टंकित करताना 'स' आणि इकार ही दोन पदे वेगळी होतात, आणि अक्षर व वर्ण यांतील भेद हाताला कळतो. आरंभासाठी सोपाऱ्याचा अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा उत्तम आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तो १८८२ मध्ये सापडला आणि आज तो मुंबईच्या संग्रहालयात आहे. ओळी थोड्या, अक्षरे मोठी, आणि धम्मयात्रेचा विषय परिचित. त्यानंतर सांची-भारहुतचे दानलेख, मग कार्ले, मग नाशिक.

अंकांसाठी मात्र नाणेघाटात गेले पाहिजे. सातवाहन राणीचा तेथील लेख यज्ञांच्या दक्षिणेचा आहे, बौद्ध दानाचा नाही. तथापि ब्राह्मी अंकांचा इतका समृद्ध लेख महाराष्ट्रात दुसरा नाही. त्यात १,७०० गाई आणि १० हत्ती दिल्याचा उल्लेख आहे. कोरणाऱ्याला शून्य ठाऊक नव्हते. दहासाठी एक चिन्ह, शंभरासाठी दुसरे, हजारासाठी तिसरे होते, आणि सातशे दाखविण्यासाठी तो शंभराच्या चिन्हाला सात जोडीत असे. युनिकोडमध्ये ब्राह्मीचे हे जुने अंक आहेत, आणि पुढील काळातील स्थानमूल्याचे, शून्यासह, नवे अंकही आहेत. जुने अंक जोडण्याचे अदृश्य चिन्ह २०१४ मध्ये घालण्यात आले. लिप्यंतराच्या प्रणालीस १७०० दिले असता ती साधारणतः एक, सात, शून्य, शून्य असे नवे चार संकेत देते. नाणेघाटाचा पाठ टंकित करणारा विद्यार्थीही चारच संकेत देईल: हजार, शंभर, जोडचिन्ह, सात.